एकवीस तारीख आणि एक्याऐंशी पट्ट्या

"बाबा, मला माझी खोली नक्की कोणत्या तारखेला मिळणार?"

एवढं विचारून भिंगरीनं भलामोठा घास तोंडात कोंबला, म्हणजे पुढचं काही आपल्याला बोलावं लागू नये. टेबलाभोवतीचे तीन हात तीन ताटांवर थांबले.

प्रश्न तिचाच होता, पण त्यातली 'तारीख' मैत्रिणींची होती. शाळेच्या नळापाशी तिघींनी तिला घेरलं होतं. "दोन वर्षं ऐकतोय आम्ही, खोली मिळणार, खोली मिळणार," चष्मिस म्हणाली होती. "थापाडी कुठली! हिंमत असेल तर आज जेवताना विचार. आणि वर्ष, महिना असलं काही ऐकून घ्यायचं नाही. तारीख माग!" मागच्या वर्षीची भिंगरी असती तर मान खाली घालून नळाकडे बघत बसली असती. पण यंदा एक मुलगी आजारी पडली म्हणून बाईंनी हिला माइकवर बातम्या वाचायला उभं केलं, आणि आपला आवाज थेट फाटकाबाहेरच्या कुत्र्यापर्यंत पोचतो हा शोध तिला लागला. तेव्हापासून घाबरणं तिनं सोडूनच दिलं होतं.

आता त्यांच्या घरात असल्या प्रश्नाला एकच उत्तर असायचं: 'बघू'. 'बघू' म्हणजे नाही असं नव्हे, आणि हो तर मुळीच नव्हे. 'बघू' ही एक विहीर होती. तिच्यात भिंगरीची सायकल, एक मांजराचं पिल्लू, दोन सहली आणि आईचा नवा ओव्हन असं बरंच काही पडलं होतं, आणि अजून एकाचाही डुबुक असा आवाज आला नव्हता.

"माझ्या घोरण्याचा त्रास होतो असं म्हण ना सरळ," आत्या म्हणाली. भिंगरी आत्याच्या खोलीत झोपायची. म्हणजे झोपायची आत्या. भिंगरी नुसती आडवी व्हायची. आत्या तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झाली होती आणि भिंगरी नाटकातली वाक्यं पाठ करायला लागली, की पांघरुणाच्या आतून दुरुस्त्या यायच्या.

"तारीख," बाबा पुटपुटले. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की आईनं घाबरून पाण्याचा पेला पुढे केला. "हिला तारीख हवीय!"

बाबा पूल आणि पाण्याच्या टाक्या बांधणाऱ्या कंपनीत, नियोजन विभागात होते. त्यांनी आयुष्यात एक वीट रचली नव्हती, पण कोणती वीट कोणत्या मंगळवारी रचायची हे त्यांच्याइतकं कुणालाही ठाऊक नव्हतं. दुर्दैव असं, की कंपनीत त्यांना तारीख कुणी विचारत नसे. तारीख उलटून गेली, की ती का उलटली एवढंच विचारत.

"अहो, त्यात तारीख कसली?" आई म्हणाली. "कोपऱ्यातली अडगळीची खोली रिकामी करायची, रंग मारायचा, गादी टाकायची. एका रविवारी सगळे लागलो तर संध्याकाळपर्यंत होईल."

बाबा हसले. हे हसू घरातल्यांना माहीत होतं. डॉक्टर पेशंटच्या घरगुती उपायांना हसतात तसं ते होतं. "असं म्हणूनच पूल खचतात," ते म्हणाले, आणि हात धुऊन कामाला लागले.

कामाला लागले म्हणजे खोलीच्या नव्हे. गँट चार्टच्या.

गँट चार्ट म्हणजे काय, हे भिंगरीला पुढच्या बारा दिवसांत इतकं समजलं, की झोपेतही तिला आडव्या पट्ट्या दिसू लागल्या. डावीकडे कामांची यादी. वर तारखा. प्रत्येक कामासमोर, ते सुरू होतं तिथून संपतं तिथपर्यंत एक रंगीत पट्टी. एका पट्टीच्या शेपटीतून बाण निघतो आणि दुसरीच्या डोक्यात घुसतो, म्हणजे ही संपल्याशिवाय ती सुरू होणार नाही. "मोठं काम माणसाला घाबरवतं," बाबा सांगत. "त्याचे तुकडे केले, की ते आपल्याला घाबरतं." त्यांनी त्या आठ बाय नऊच्या खोलीचे त्रेसष्ट तुकडे केले.

पहिलं काम होतं 'चार्ट तयार करणे'. त्याला नऊ दिवस दिले होते, लागले बारा. बाबा प्रामाणिक माणूस, त्यांनी जादाचे तीन दिवस स्वतःच्या हातानं लाल रंगवले. त्यामुळे अजून कुणी खोलीत पाऊलही न टाकता प्रकल्प तीन दिवस मागे पडला होता. चौथं काम 'दार उघडणे'. चार्टवरचा सगळ्यात लहान चौकोन अर्ध्या दिवसाचा होता, तेव्हा दार उघडायला अर्धा दिवस. जबाबदारीच्या रकान्यात आईसमोर 'साधनसामग्री' होतं आणि आत्यासमोर 'देखरेख'. आत्यानं ते इतकं मनावर घेतलं, की त्या दिवसापासून ती खुर्चीत बसायची ती ताठ. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिच्यासमोर लिहिलं होतं, 'मदतनीस (ऐच्छिक)'.

ते वाचून भिंगरीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. पण यादीच्या तळाशी ठसठशीत अक्षरात 'पुढील महिना, तारीख २१' असं होतं. तिनं ते कागदावर उतरवून घेतलं, दुसऱ्या दिवशी नळापाशी उभं राहून माइकवरच्या आवाजात वाचलं, आणि त्याच झोकात जाहीर केलं, "एकवीस तारखेला, संध्याकाळी पाच वाजता, आपल्या नाटकाची तालीम माझ्या खोलीत!"

"नाही जमलं तर?" चष्मिसनं चष्मा वर ढकलत विचारलं.

"नाही जमलं तर तालीम तुझ्या घरी. आणि मोठी भूमिकाही तुला."

हे शेवटचं वाक्य तिला म्हणायचं नव्हतं. ते आवाजाच्या भरात निसटलं. पण तीन साक्षीदार होते आणि नळ चालू होता, त्यामुळे परत घेता येईना. ती भूमिका मिळवायला भिंगरीनं पंधरा जणींना मागे टाकलं होतं. एकवीस तारीख आता तिच्या जिवाची तारीख झाली.

चार्ट चार मोठे कागद जोडून झाला होता. तो लावायचा कुठे? "काम जिथे, चार्ट तिथे," असं म्हणत बाबांनी तो अडगळीच्या खोलीतल्या एकुलत्या एका मोकळ्या भिंतीवर चिकटवला. ऑफिसातून आणलेल्या खास डिंकानं. हा डिंक, त्यांनी अभिमानानं सांगितलं, पुलावरच्या सूचनाफलकांना वापरतात; वारा, पाऊस, काही त्याचं वाकडं करू शकत नाही. आत्यानं खुर्चीतून देखरेख केली. "डावीकडे तिरका आहे," ती म्हणाली, पण तोवर डिंक वाळला होता.

पहिल्याच आठवड्यात आई आणि भिंगरीच्या हातून गुन्हा घडला. बुधवारी शाळा लवकर सुटली. दोघींनी पदर खोचल्याच्या आवेशात अकरा ते सतरा क्रमांकाची कामं अडीच तासांत उरकली. शिवणयंत्र बाहेर, एकमेकींच्या पोटात घातलेल्या तीन बॅगा बाहेर, तुटका पंखा बाहेर, आत्याच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे सात गठ्ठे बाहेर. दोघी घामाघूम होऊन एकमेकींकडे बघून हसत होत्या, तेवढ्यात बाबा आले.

"हे काय केलंत?"

"झालं," आई म्हणाली.

"झालं कसं? हे पुढच्या बुधवारपर्यंत व्हायचंय."

"मग चांगलंच झालं की! आठवडा वाचला."

"वाचलेल्या आठवड्यात काय करायचं ते कुठे लिहिलंय?" बाबांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "आणि सतरा संपलं तर अठरा लगेच सुरू व्हायला हवं. अठराचा माणूस आहे सुतार, तो येणार नऊ तारखेला. मग मधले दिवस हे सामान कुठे राहणार? दिवाणखान्यात! दिवाणखान्यात सामान ठेवायचं तर त्याची वेगळी पट्टी लागते."

शिवणयंत्र परत आत गेलं. आईनं ते एकटीनं उचललं, कुणाला हात लावू दिला नाही, आणि त्यानंतर दोन दिवस ती बाबांशी फक्त भांड्यांच्या आवाजातून बोलली.

ठरलेल्या दिवशी सामान रीतसर बाहेर आलं. त्याचे चार ढीग करायचे होते: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं आणि विचार करायचा. पहिल्या तीन ढिगांत मिळून एक पंखा पडला. चौथा ढीग दिवाणखाना ओलांडून आत्याच्या खोलीत शिरला. भिंगरीच्या पलंगाला जुनं कपाट असं काही टेकलं, की तिला पायथ्याकडून सरपटत आत जावं लागे. खोली मिळायची ती राहिली बाजूला, होता तो पलंगही अर्धा गेला.

त्यात शेजाऱ्यांना सुगावा लागला. वरच्या मजल्यावरचे काका पट्ट्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "विश्रांती कुठाय यात? माझ्या मेव्हण्यानं स्वयंपाकघर केलं तेव्हा विश्रांती धरली नव्हती. कंबर धरून बसलाय अजून." बाबांनी चौसष्टावी पट्टी काढली: विश्रांती. समोरच्या काकू म्हणाल्या, "रंगाआधी भिंतीची ओल तपासा हो, आमच्याकडे फुगे आले होते." ओल तपासणे, ओल न सापडल्यास पुन्हा तपासणे. "मुलीची उंची वाढतेय," तिसऱ्या कुणीतरी जाता जाता सांगितलं, "फळ्या आत्ताच उंच घ्या." मग भिंगरीला भिंतीपाशी उभं करून तिची अंदाजे भावी उंची काढण्यात एक रविवार गेला. लोक सल्ले देतात आणि विसरतात, अशी जगाची रीत आहे. बाबा ते लिहून घेत. पट्ट्या एक्याऐंशी झाल्या. बाण वाढले, आणि एक दिवस भिंगरीनं तळाशी बघितलं तर एकवीस खोडून तिथे एकोणतीस लिहिलं होतं.

"बाबा! एकवीस!"

"गणित आहे ते," बाबा हळहळून म्हणाले. "माझ्या हातात असतं तर दिली नसती का एकवीस?"

"मग कुणाच्या हातात आहे?"

बाबांनी चार्टकडे बोट दाखवलं.

तरी पेन्सिलीनं लिहिलेलं खोडता येतं, अशी भिंगरीला आशा होती. ती आशा इमारतीच्या समितीच्या चिटणीसांनी संपवली. फळ्यांसाठी भिंतीत भोकं पाडायची तर 'आवाज-पूर्वसूचना अर्ज' लागतो. चिटणीस तळमजल्यावर राहत, आणि त्यांच्या घरात पाऊल टाकणाऱ्या पाहुण्यालाही आपण अर्ज भरायला हवा होता असं वाटे. अर्जात आवाजाचा प्रकार विचारला होता: ठोकण्याचा, घासण्याचा, ओढण्याचा, इतर. बाबांनी चारही खुणा केल्या आणि 'इतर'पुढे लिहिलं, 'देखरेख'. आत्यानं ते वाचलं नाही हे घराचं नशीब. आवाजाचा नेमका दिवस आणि वेळ सांगा, हे वाचून तर बाबांचे डोळे पाणावले. त्यांनी पूर्ण चार्टची नक्कल तीन प्रतींत जोडली.

दुसऱ्या संध्याकाळी चिटणीस स्वतः वर आले. चार्टसमोर बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले. "बावीस वर्षं मी अर्ज घेतोय," ते म्हणाले. "असा माणूस आज भेटला." मग दोघे पाऊण तास बाणांवर बोलले. भिंगरीला दोन जिवलग मैत्रिणींची आठवण झाली. शेवटी चिटणीसांनी खिशातून शिक्का काढला, त्यावर हाऽऽ करून श्वास सोडला आणि मूळ चार्टच्या चारही कोपऱ्यांत ठाक ठाक ठाक ठाक शिक्के मारले.

"मंजूर! आता हा समितीचा दस्तऐवज झाला. खाडाखोड चालणार नाही, आणि इथून हलवायचाही नाही."

"म्हणजे एकोणतीसच?" भिंगरीनं विचारलं.

"बाळ, शिक्का बघितलास ना?" चिटणीस प्रेमानं म्हणाले.

शाळेत तिनं काही सांगितलं नाही. चष्मिस रोज विचारायची, "खोली काय म्हणते?" आणि भिंगरी रोज म्हणायची, "रंगात आलीय." तालमीत ती आपली वाक्यं विसरायला लागली, आणि चष्मिसला, शपथेवर सांगण्यासारखी गोष्ट आहे, ती सगळी पाठ होती.

वीस तारखेला दुपारी दारावरची घंटा वाजली. रंगारी. खांद्यावर शिडी, हातात दोन डबे.

"पलीकडचं काम आवरलं लवकर. आज मोकळा आहे, मारून देतो."

"तुमची पट्टी चोवीसला आहे," आत्यानं देखरेखीच्या खुर्चीतून बजावलं.

"चोवीसला मी दुसऱ्या गावी चाललोय, महिनाभर. आज नाही तर मग पुढच्या महिन्यात बघू."

बघू! तो शब्द ऐकला आणि आईनं भिंगरीकडे पाहिलं, भिंगरीनं आईकडे. फोन करून बाबांना विचारावं, असं दोघींनाही वाटलं असणार. फोन समोरच होता. दोघींनी त्याच्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्या वर्तमानपत्रावर रंगाचा डबा ठेवला.

रंगारी भलता चपळ निघाला. त्यानं दार बिजागरीतून काढलं, दोन्ही बाजूंनी रंगवलं आणि दिवाणखान्यात दोन खुर्च्यांवर आडवं ठेवलं. आधी छत आटोपलं, मग चार वाजेपर्यंत तीन भिंती पिवळ्याजर्द. चौथीसमोर तो थांबला. "हे फाडू?"

"शिक्का आहे," भिंगरी म्हणाली.

"सोडवून घेऊ हळूच, रंग झाला की परत लावू," आई म्हणाली, आणि तिनं सुरीनं एक कोपरा उचलला. कोपऱ्याबरोबर भिंतीचा गिलावाही आला, तळहाताएवढा. वारा, पाऊस, काही त्या डिंकाचं वाकडं करू शकत नव्हतं. तिघांनी तो तुकडा पुन्हा जागेवर दाबून धरला. रंगाऱ्यानं चार्टच्या कडेकडेनं, फोटोला चौकट करावी तसा पिवळा पट्टा ओढला, डबे उचलले आणि गेला.

बाबा सहाला आले. ते उंबऱ्यातच उभे राहिले.

"हे झालेलं नाही," बाबा म्हणाले.

"अहो, हात लावून बघा, अजून ओलं आहे."

बाबांनी बोट लावलं. बोट पिवळं झालं. त्यांनी त्या बोटाकडे बघितलं, मग चार्टकडे. "हे चोवीस तारखेला ओलं व्हायला हवं."

"तो चोवीसला नव्हता!" आईचा आवाज चढला. "महिनाभर नव्हता! तुमची पट्टी चोवीसला एकटीच उभी राहिली असती भिंतीपाशी!"

"शिक्का मारलाय त्याच्यावर!"

"मग शिक्क्यालाच रंगवायला सांगा!"

"माझी देखरेख चालू होती," आत्या म्हणाली, "मला कुणी जुमानलं नाही, एवढं लिहून ठेवा."

बाबा खाली बसले. नव्या फरशीपुसणीवर बसले, पण त्यांना कळलं नाही. "ऑफिसात मी चार्ट लावतो ना," ते भिंगरीकडे न बघता म्हणाले, "तर साहेब त्याच्यावर कपाची बशी ठेवतात. पुलाचा चार्ट, दोनशे दहा पट्ट्या, आणि मध्यभागी गोल डाग. मला वाटलं, निदान घरी एकदा तरी काहीतरी ठरल्याप्रमाणे होईल."

भिंगरीला एकदम वाईट वाटलं आणि त्या वाईट वाटण्याचा रागही आला, कारण तिला आज रागावायचं होतं. उद्या एकवीस तारीख. उद्या पाच वाजता तिघी येणार. ती चार्टपाशी गेली आणि पहिल्यांदाच तो वरपासून खालपर्यंत नीट वाचू लागली. दार उघडणे. वर्गीकरण. ओल तपासणे. विश्रांती. भावी उंची. पडद्याची दांडी निवडणे, पडद्याची दांडी बदलणे. ऐंशी: झाडलोट. एक्याऐंशी: प्रकल्प समाप्ती व अहवाल.

ती पुन्हा वर गेली. पुन्हा खाली आली.

"बाबा, यात मी कुठाय?"

"मदतनीस आहेस ना तू. रकाना बघ."

"ते नाही. मी इथे राहायला येते ते काम. त्याची पट्टी कुठली?"

बाबा उठले. त्यांनी आपलं पिवळं बोट पहिल्या ओळीपासून खाली आणलं. प्रत्येक कामावर एक पिवळा ठिपका पडत गेला. एक्याऐंशीवर बोट थांबलं. मग त्यांनी समासही बघितला.

"ते," बाबा अगदी हळू म्हणाले, "गृहीत आहे."

आई हसायच्या बेतात होती, पण बाबांचा चेहरा बघून तिनं तोंडावर हात ठेवला. बारा दिवस खपून केलेल्या चार्टमध्ये, शेजाऱ्यांच्या मेव्हण्याच्या कंबरेपर्यंत सगळ्याची सोय होती. मुलगी तेवढी राहून गेली होती. बाबांच्या लक्षात ते आलं होतं. आणि आपल्या लक्षात आलंय हे सगळ्यांना दिसतंय, हेही आलं होतं.

भिंगरीनं आत्याच्या खोलीत जाऊन पायथ्याकडून पलंगात शिरकाव केला, गादीची वळकटी ओढून काढली, आणि ती डोक्यावर घेऊन परत आली. वाटेत दोन खुर्च्यांवर निजलेल्या दाराला वळसा घातला. गादी खोलीच्या बरोब्बर मध्यावर, ओल्या भिंतींपासून हातभर लांब अंथरली. मग बाबांच्या खिशाचं पेन काढून एक्याऐंशीच्या खाली सुरेख अक्षरात लिहिलं, 'ब्याऐंशी: भिंगरी राहायला येते', आणि वीस तारखेच्या चौकोनात एक छोटीशी पट्टी भरली.

"खाडाखोड!" आत्या ओरडली.

"खाडाखोड नाही आत्या, भर. व्याकरण तुझं आहे."

बाबांनी त्या पट्टीकडे डोळे बारीक करून पाहिलं. "बाण कुठून काढलास?" त्यांनी न राहवून विचारलं.

"कुठूनच नाही. हिच्याआधी काही संपायला नको."

बाबा काहीतरी म्हणणार होते. पण त्या एक्याऐंशी पट्ट्यांच्या गर्दीत ही एकच पट्टी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, पूर्ण झालेली होती, आणि नियोजन विभागाच्या माणसाला हे दिसल्याशिवाय कसं राहील? त्यांनी तिच्या हातातून पेन घेतलं आणि त्या छोट्या पट्टीवर बरोबरची खूण केली. पेन खिशात ठेवताना त्यांनी ते दोनदा चुकीच्या बाजूला लावलं.

भिंगरी गादीवर चढून उभी राहिली. माइक नव्हता, पण त्याची तिला गरज नव्हती.

"आई, बाबा, मी ठरवलंय. आजपासून मी इथे राहणार. चौथी भिंत राहू दे तशीच. चार्ट फाडायचा नाही, तो माझ्या खोलीतला आहे आणि त्याच्यावर कुणी कप ठेवायचा नाही. उद्या पाच वाजता मैत्रिणी येणार, तालीम इथेच होणार, आणि मोठी भूमिका माझीच आहे. उरलेल्या पट्ट्या तुम्ही एकोणतीसपर्यंत सावकाश करा, माझी हरकत नाही. फक्त आत येताना विचारून यायचं. दार वाळेपर्यंत चौकट वाजवा."